नाक्यापासून पुढचे नऊ किलोमीटर

ही हकीकत सांगणं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी विचारलंच नाही, असं नाही. मुलाने एकदा विचारलं होतं, सुनेने दोनदा. त्या सहलीत आई एवढी गप्प का झाली, असा प्रश्न असायचा. दर वेळी मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि परत येईपर्यंत त्यांचं दुसरं काहीतरी बोलणं सुरू झालेलं असायचं. घरातल्या माणसांना चुकवणं फार अवघड नसतं.

आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. गुडघे, साखर, एका डोळ्यातला मोतीबिंदू, हे सगळं सांभाळता सांभाळता हेही सांभाळायचा कंटाळा आला आहे. मला धीर आला असं कोणी समजू नये. कंटाळाच आहे तो.

सहल चार वर्षांपूर्वीची. दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मुलगा पुण्याला असतो. त्याचा फोन आला, "बाबा, पाऊस उघडलाय. डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळे झालेत. गाडी घेऊन येतो नगरला, तुम्हा दोघांना उचलतो. एक मुक्काम भंडारदऱ्याला, तिथलं अभयारण्य बघू, मग भीमाशंकरचं. तिथे दुसरा मुक्काम. पोरीला शेकरू बघायचंय."

मी म्हणालो, "आम्हाला कुठे झेपतंय आता? तुम्ही जाऊन या."

शेजारी बसून लसूण सोलत असलेल्या बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्या हातातून काही काढून घेतल्याचं मला आठवत नाही. ती म्हणाली, "आम्ही येतो रे. आणि एक काम कर. भंडारदऱ्याच्या मागे माझी शाळा होती, तू लहान होतास तेव्हाची. तिकडे नेशील का? अर्धा तास पुरे."

"अर्धा तास कशाला, अख्खा दिवस थांबू," तो म्हणाला. फोन तिच्या कानाला असूनही मला ते ऐकू आलं. मी उठलो आणि पाणी प्यायला गेलो.

मी का उठलो, हे कळायला आधीचं सांगायला हवं.

आमचं लग्न झालं तेव्हा बायको प्राथमिक शिक्षिका होती आणि मी नगरला एका कचेरीत कारकून होतो. मुलगा तीन वर्षांचा असताना तिची नेमणूक अकोले तालुक्यात, धरणाच्या मागच्या अंगाला डोंगरातल्या एका गावात झाली. एक खोली, एक व्हरांडा, पहिली ते चौथी, आणि शिक्षक म्हणजे ती एकटी. नगरहून एसटीने राजूर, तिथून मिळाली तर जीप, नाही तर पाय. महिन्यातून एकदा ती शनिवारी संध्याकाळी घरी यायची आणि रविवारी दुपारी निघायची. मुलगा माझ्या आईजवळ, माझ्यासोबत.

त्या काळी अशा आडगावच्या शाळांवरच्या बायका एक गोष्ट करत. रजेचा अर्ज, पगारवाढीचा कागद, प्रॉव्हिडंट फंडाचा फॉर्म, कशालाही सही लागायची आणि पावसाळ्यात टपाल पोचायला पंधरा दिवस लागायचे. म्हणून पाच-सहा कोऱ्या कागदांवर खाली उजवीकडे सह्या करून ते कागद नवऱ्याजवळ ठेवत. वेळ येईल तसा वरचा मजकूर नवरा लिही. यात कोणाला काही गैर वाटत नसे. आमच्याकडेही असे कागद माझ्या कपाटात, वर्तमानपत्राच्या घडीत ठेवलेले असत.

तिला ते गाव आवडलं होतं. याचा मला राग होता, हे मी आज लिहू शकतो. घरी आली की ती सगळं तिथलंच बोलायची. चौथीत चार मुली होत्या. त्या गावातून शिष्यवृत्तीच्या परीक्षेला आजवर कोणी बसलं नव्हतं. ती त्या चौघींना शाळा सुटल्यावर रोज दोन तास बसवायची. त्यांच्या आयांना तिने शब्द दिला होता की फेब्रुवारीत परीक्षा होईपर्यंत मी कुठे जात नाही, पोरींना लग्नकार्याला, कापणीला घरी ठेवू नका. आयांनी ते ऐकलं होतं. भाताच्या दिवसांत ते सोपं नव्हतं.

इकडे कचेरीत माझी रोज थट्टा व्हायची. "काय, आज पोळ्या कुणी लाटल्या? गोल झाल्या का?" आई म्हणायची, "सून नोकरीला लावलीय का संन्यासाला धाडलीय?" मी हसून घ्यायचो. मग एका शनिवारी ती आली आणि मुलगा माझ्या आईच्या पदरामागे लपला. बाहेर यायलाच तयार होईना. बायको उंबऱ्यावरच बसली आणि रडली. मग मला म्हणाली, "फेब्रुवारी होऊ द्या. परीक्षा झाली की मीच बदलीचा अर्ज करते. शपथ घेते हवी तर."

दिवाळीच्या आधीची गोष्ट ही. चार महिने थांबायचं होतं, फक्त चार. मी थांबलो नाही.

तिच्या सहीच्या एका कागदावर मी अर्ज लिहिला. पती-पत्नी एका ठिकाणी असावेत म्हणून विनंती बदली मिळावी, मूल लहान आहे, सासूबाई आजारी असतात. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. अक्षर माझं, सही तिची. ओळखीच्या एकाने लवकर पुढे सरकवला. दिवाळीची सुट्टी संपून ती शाळेवर गेली आणि पंधरवड्यातच हुकूम निघाला. हुकमाची प्रत त्या ओळखीच्याने माझ्याच हाती दिली. पुढच्या शनिवारी ती घरी आली तेव्हा मी सांगितलं, प्रशासकीय बदली आहे, वरून आलीय, यादीत नाव आहे. हुकमाची पहिली दोन पानं, ज्यावर विनंतीवरून असं लिहिलेलं होतं, ती मी फाडून टाकली. तिचं नाव असलेलं पान तिला दिलं.

तिने ते पान वाचलं आणि विचारलं, "थांबवता नाही का येणार?"

मी म्हणालो, "सरकारी हुकूम आहे."

सामान आणायला मी जीप घेऊन गेलो. ट्रंक, स्टोव्ह, वळकटी, एवढंच सामान होतं. ती शाळेत हजेरीपट, चाव्या, खडूचे डबे नव्या गुरुजींच्या नावाने लिहून ठेवत होती. तेवढ्यात गावचे पोलीस पाटील मला बाजूला घेऊन गेले. पन्नाशीचे, किडकिडीत, डोक्याला मळकं मुंडासं. म्हणाले, "भाऊसाहेब, आमी चौघंजन तालुक्याला गेल्तो. बाईंची बदली थांबवा म्हनून सांगायला. तर तिथं सायबांनी कागूद दावला. बाईंचाच अर्ज हाय म्हनं. सही बी त्यांचीच. व्हय का?"

मी काही बोललो नाही.

"न्हाई, जावं त्यांनी. लेकरू हाय त्यांना बी. पन आमच्याम्होरं शब्द दिल्ता वो. पोरींच्या आयांना मी काय सांगू?"

त्या वेळी एकच वाक्य बोलायचं होतं. अर्ज मी लिहिला, तिला ठाऊक नाही. त्याऐवजी मी म्हणालो, "तिला काही बोलू नका. तिलाही वाईट वाटतंय."

पाटलांनी मान हलवली. ते भले गृहस्थ होते. ते खरंच तिला काही बोलले नाहीत, आणि गावातलं कोणीच काही बोललं नाही. तिला लागलं ते तेच.

आम्ही निघालो तेव्हा खाचरांत भाताची कापणी चालू होती. बायको जीपच्या मागच्या बाजूला, ट्रंकेवर बसली होती, कोणीतरी येईल म्हणून. बायका वाकून कापत होत्या. एकीनेही मान वर केली नाही. शाळेच्या व्हरांड्यात एक पोरगी येऊन उभी राहिली, तिला कोणीतरी आतून हाक मारली, ती गेली. जीप निघाली. राजूरला मी चहा सांगितला, बायकोने तो घेतला नाही. म्हणाली, "दोन वर्षं राहिले मी. माझं काय चुकलं असेल हो?"

हा प्रश्न ती पुढे चाळीस वर्षं विचारत राहिली. रोज नव्हे. वर्षातून एखाद-दोन वेळा, भाजी निवडताना, किंवा बसच्या खिडकीतून भाताचं शेत दिसलं की. नगरच्या शाळेत तिचं चांगलं झालं, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली, मुलं अजून पाया पडायला येत. तरी तो प्रश्न होताच. मी दर वेळी म्हणायचो, "खेड्यातली माणसं, त्यांचं काय मनावर घ्यायचं." हे म्हणायचीही मला सवय झाली होती.

तर तिला शाळा बघायची नव्हती. तिला जाऊन विचारायचं होतं. आणि तिथलं कोणतंही म्हातारं माणूस तिला एका वाक्यात उत्तर देऊ शकलं असतं.

सहलीच्या सकाळी आम्ही नगरहून सातला निघालो. बायकोने आदल्या दिवशीच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून ठेवली होती. सून म्हणाली, "आई, वाटेत इतकी हॉटेलं आहेत." बायको म्हणाली, "असू देत. हॉटेलवाला काय माझा पाहुणा आहे?" नात दहा वर्षांची. ती माझ्या आणि आजीच्या मध्ये बसली होती आणि राहुरी यायच्या आतच तिने दोनदा विचारलं होतं, शेकरू चावतं का.

"तू त्याचे आंबे चोरलेस तर चावेल," आजी म्हणाली.

"ऑक्टोबरात आंबे असतात का, आजी!"

"मग निर्धास्त राहा."

ती त्या दिवशी अशी होती. हलकी. मांडीवर एक पिशवी घेऊन बसली होती. त्यात चार वह्या, चार पेनं आणि पेढ्यांचा पुडा. मी विचारलं, "हे कोणाला?" म्हणाली, "त्या चौघींच्या नातवंडांना. आता त्याच आज्या झाल्या असतील." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. कोल्हार, लोणी, संगमनेर. ऊस, कारखान्याच्या वाटेवरचे ट्रॅक्टर, कांद्याची रोपं. संगमनेरपर्यंत माझे पाय सुजले होते आणि पाठ धरली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, थोडं चालता का?" मी म्हणालो, "चालून काय होणार, बसायचंच आहे पुन्हा."

"आजोबा सकाळपासून एकदा पण हसले नाहीत," नातीने जाहीर केलं.

"त्यांचं हसू ऑफिसात जमा आहे," बायको म्हणाली. "पेन्शनबरोबर परत मिळायला हवं होतं, विसरले."

सगळे हसले. मीसुद्धा हसलो बहुतेक.

अकोल्यापुढे रस्ता डोंगरात शिरतो. राजूर मागे पडलं तसा उतारांवर सोनकीचा पिवळा रंग दिसायला लागला. पिवळा म्हणजे नजर ठरत नव्हती. खाली खाचरांत भात पिकत आलेलं, मध्येच एखादा ओढा अजून वाहता. सून फोटो काढायला चार ठिकाणी उतरली. नातीला घाटात उलटी झाली, मग ती लिंबू हुंगत आजीच्या मांडीवर आडवी झाली. बायको एकेक ओळखत होती. "हे वळण होतं. इथे एसटी बंद पडली होती एकदा, आम्ही ढकलली." "इथे बोरं मिळायची." तिचा आवाज मला सहन होत नव्हता, आणि तो बंद व्हावा असंही वाटत नव्हतं.

रात्री भंडारदऱ्याला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही धरणाच्या मागच्या रस्त्याला लागलो. तिथे अभयारण्यात शिरायला वनखात्याचा नाका आहे. पावती फाडावी लागते. पुढे दोन रस्ते फुटतात. एक धरणाला वळसा घालून जातो आणि दुसरा चढावर तिच्या गावाकडे. फाट्यावर दगड होता, त्यावर गावाचं नाव आणि नऊचा आकडा. ते नाव रंगवलेलं बघून बायकोने हात जोडले. देवळासमोर जोडतात तसे.

मुलगा उतरायला लागला. मी म्हणालो, "तू बस. पाय मोकळे करायचेत, मीच आणतो पावती." बायको नातीला घेऊन शेजारच्या टपरीवर गेली. एक बाई चहा आणि उकडलेल्या शेंगा विकत होती.

नाक्याच्या खिडकीत खाकीतला एक तरुण होता. तिशीचा असेल. त्याने विचारलं, "कुठं जायचंय, बाबा? धरणाच्या बाजूनं का वर?" मी वरच्या गावाचं नाव सांगितलं.

त्याचा चेहरा उजळला. "आमचंच गाव की. कुनाकडं?"

"कोणाकडे नाही. घरातल्या बाई पूर्वी तिथे शाळेवर होत्या. फार वर्षं झाली."

त्याने पावतीवरचं पेन थांबवलं. "नगरच्या बाई? त्या?" आणि हसला, अगदी साधं हसला. "माझी आई त्यांच्या शाळंतली. चवथीत हुती. चौघी हुत्या म्हनं परीक्षंला बसनाऱ्या. बाई मधीच बदली मागून गेल्या, मंग कुनी नेलंच न्हाई. आई अजून काढती कधी कधी. म्हनती, बाई गेल्या, न्हाईतर मी मास्तरीन झाले असते."

मी पाकिटातून पैसे काढून फळीवर ठेवले.

"जावा की घेऊन त्यांना," तो म्हणाला. "आई घरीच हाय. रस्ता चांगला हाय आता, नुकताच केलाय. अर्ध्या तासात पोचाल. राग-बीग काय न्हाई आता कुनाचा, इतकी वर्सं झाली. आईला लई आनंद व्हईल."

मी पावती घेतली. नाक्यापासून गाडीपर्यंत वीसेक पावलं असतील. बायको परत येऊन गाडीत बसली होती. तिने केस नीट केले होते आणि पिशवी पुन्हा मांडीवर घेतली होती. मी दार उघडलं आणि म्हणालो, "वरचा रस्ता बंद आहे. दरड आलीय. गाडी जात नाही."

मुलगा म्हणाला, "फाट्यावर तर काही लिहिलेलं नाही. थांबा, मी विचारून येतो."

"मी आत्ता काय केलं? विचारलंच ना?" माझा आवाज चढला. "माझ्यावर विश्वास नाही का? भीमाशंकरला पोचायचंय अंधाराआधी. पोरीला शेकरू दाखवायचंय ना?"

नात माझ्याकडे बघत होती. मग बायको म्हणाली, "राहू दे रे. बाबा म्हणतायत ना बंद आहे. चल."

मुलाने गाडी धरणाच्या रस्त्याला घातली. नाक्यावरचा तरुण हात करत होता, त्या दुसऱ्या रस्त्याकडे. मुलाने ते पाहिलं नाही. मी पाहिलं.

त्यानंतरची सहल मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. दुपारी एका झाडाखाली दशम्या खाल्ल्या. सुनेने पेढे मागितले तर बायकोने पुडा काढून सगळ्यांना एकेक दिला, मला दोन दिले. वह्या-पेनं तिने वाटेत दिसलेल्या एका शाळेच्या पायरीवर ठेवून दिली, कोणाला हाक न मारता. माळशेजच्या बाजूला ढग खाली आले होते, काही दिसत नव्हतं, आणि सगळ्यांना थकवा आला होता. भीमाशंकरच्या जंगलात दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला शेकरू दिसलं. तांबूस, लांब शेपटीचं, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेलं. नात ओरडली, "आजी, बघ, बघ!" आजीने बघितलं आणि म्हणाली, "छान आहे ग." तेवढंच. पुण्याहून आम्हाला एसटीत बसवताना मुलाने मला विचारलं, "आई ठीक आहे ना?" मी म्हणालो, "दमलीय. वय झालं."

पुढे वर्षभरातच तिच्या किडन्या गेल्या. दवाखाना झाला, डायलिसिस झालं, मग तिनेच सांगितलं की आता पुरे, घरी न्या. माघाचे दिवस होते. सकाळचं ऊन आमच्या मागच्या गॅलरीत चांगलं येतं. मी तिला तिथे खुर्चीत बसवायचो आणि समोर स्टुलावर बसायचो. एका सकाळी मी ठरवून बसलो होतो. रात्रभर वाक्यं जुळवली होती. म्हणालो, "अगं, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी, नाक्यावर..."

ती म्हणाली, "माहीत आहे मला. रस्ता बंद नव्हता."

तिने शाल नीट केली.

"चहावालीने सांगितलं होतं. म्हणाली, जीपा चालतात की दिवसभर. तुम्ही खिडकीपाशी होता तेव्हाच विचारलं मी तिला."

"मग बोलली का नाहीस?"

"पोरांसमोर? तुम्हाला खोटं पाडायचं?" ती जरा थांबली, बोलताना तिला धाप लागायची. "दमला होतात तुम्ही. पाय हे एवढे सुजलेले. वर पुन्हा घाट. मला दिसत होतं सगळं. नुसतं दमलोय म्हणाला असता तरी चाललं असतं, पण तुम्ही कुठले सांगायला." ती हसली. "एवढंच सांगायला सव्वा वर्ष घेतलंत? जाऊ द्या. मी कधीच सोडून दिलंय ते."

इथे मला बोलायचं होतं. दार उघडं होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि चिडलेली नव्हती. तिने माझ्यासाठी एक लहानशी चूक शोधून काढली होती, दमलेल्या माणसाची, आणि ती माफ करून टाकली होती. मला ती फार सोयीची वाटली.

मी म्हणालो, "हो. दमलो होतो."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. मग उन्हाकडे बघत म्हणाली, "फक्त विचारायचं होतं हो त्यांना. बाकी काही नाही."

त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. रोज सकाळी मी स्टुलावर बसलो. एकदा सून, ती तेव्हा पुण्याहून राहायला आली होती, औषध घेऊन आली. एकदा तिला झोप लागली. एकदा शेजारच्या बाई भेटायला आल्या आणि तासभर बसल्या. बाकीच्या दिवशी कोणी आलं नाही, ती जागी होती, आणि मी ऊन किती छान आहे वगैरे बोललो. अठराव्या दिवशी तिने मला ओळखलं नाही. मला गुरुजी म्हणाली आणि हजेरीपट टेबलावर ठेवलाय असं सांगितलं.

मुलाला आणि सुनेला हे वाचायला देणार आहे. त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं. नाक्यावरच्या त्या मुलाच्या आईलाही हे कोणीतरी वाचून दाखवावं, कारण तिचीही काही वर्षं यात आहेत आणि तिचा राग चुकीच्या माणसावर राहिला. मला आता तो घाट चढवत नाही, मुलाने न्यावं अशी विनंती करायचं तोंडही नाही. पण जिला सगळ्यात आधी सांगायचं होतं तिला सांगितलंच नाही. त्या सकाळी, तिचा हात माझ्या हातावर असताना, म्हणायचं होतं ते असं होतं:

अगं, तुझं काही चुकलं नव्हतं. बदलीचा अर्ज मी लिहिला, तुझ्या सहीच्या वर, तुला न विचारता. पाटलांनी मला विचारलं तेव्हा मी गप्प बसलो, म्हणून गाव तुझ्याशी बोललं नाही. त्या मुली परीक्षेला बसल्या नाहीत त्या माझ्यामुळे. आणि तू चाळीस वर्षांनी विचारायला निघालीस तेव्हा तुला कळू नये म्हणून मी रस्ता बंद केला. मी दमलो नव्हतो, मी घाबरलो होतो. मला माफ कर.